भागीरथीमायचं पाण्याचं गाणं

मी नादकाटा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, मला एकच सूर येतो, जन्मल्यापासून तोच. ठोकलं तर बोलायचं, नाही ठोकलं तर गप्प बसायचं, असा माझा स्वभाव. शाळेच्या प्रयोगशाळेत माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. खाली एक दांडी, वर दोन सरळ पाय, बस्स. सुरतेच्या नवागामात मी सत्तावीस वर्षं राहतोय आणि इथं मला सगळे चिमटा म्हणतात. पहिली दोन वर्षं मला त्याचा फार राग यायचा. आता कुणी नादकाटा म्हटलं तर मीच मागं वळून बघतो की हा कोण आला बुवा!

जन्म माझा फिनलंडचा. नकाशात पार वर, जिथं निम्मं वर्ष बर्फ असतो. एका तळ्याकाठच्या गावात एका म्हाताऱ्या लोहारानं मला घडवलं आणि कानाशी धरून, कानसीनं घासून घासून माझा सूर लावला. दांडीवर बारीक अक्षरात गावाचं आणि तिथल्या गानमंडळाचं नाव कोरलं. मग मी ताउनोच्या खिशात गेलो. ताउनो तेव्हा तरुण होता, यंत्रं बसवायचं काम करायचा, आणि दर गुरुवारी संध्याकाळी तळ्याकाठच्या लाकडी सभागृहात गायचा.

त्यांचं गाणं कसं असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्याकडे दहा बाया गायला बसल्या की दहाही जणी एकच चाल म्हणतात. तिथं चाळीस जण उभे राहतात, त्यांचे चार गट, आणि चार गटांच्या चार वेगळ्या चाली. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. सुरुवातीचा सूर तेवढा माझ्याकडून घ्यायचा. चारही चाली एकदम सुरू झाल्या की मिळून एक गाणं होतं. एकट्याचं ऐकाल तर वाटेल, हा काय पुटपुटतोय?

त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं तळ्याचं होतं. गावच्याच एका मास्तरानं बांधलेलं. हिवाळा सरतो, बर्फ फुटतो, पाणी मोकळं होतं आणि दूर गेलेले पक्षी परत येतात. बारीक गळ्याच्या बाया पक्षी व्हायच्या, जाड गळ्याच्या बाया झाडांतला वारा, चढ्या आवाजाचे पुरुष नावेतून हाका मारणारे लोक. आणि ताउनोसारखे खर्जातले सात-आठ जण पाणी. पाण्याला फार काम नाही. खालच्या सुरात संथ चालायचं, मध्येच पूर्ण थांबायचं, पक्ष्यांना बोलू द्यायचं, मनात मोजायचं आणि परत सुरू व्हायचं. ते थांबणं ताउनो बोटांवर मोजायचा. त्या सभागृहाच्या खिडकीतून खरं तळंही दिसायचं. आठवलं की माझ्या पोलादातही गलबलतं, खोटं कशाला बोलू.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली ताउनोला कंपनीनं सुरतेला पाठवलं. कुठल्याशा कारखान्यात यंत्रं बसवायची होती, आठ महिन्यांचं काम. शहरातल्या अडाजण भागात त्याला घर मिळालं आणि स्वयंपाकाला आली भागीरथी. धुळ्याकडची, पांझरेकाठची. नवरा धुडकू लूम्सच्या खात्यात कारागीर. खातं म्हणजे लूम्सचा कारखाना, सुरतेत सगळे खातंच म्हणतात. नवागामात एक खोली आणि हेमराज नावाचा शाळेत जाणारा मुलगा, एवढा संसार.

भागीरथीनं साहेबाला पहिल्यांदा माझ्यासोबत पाहिलं आणि तिचा भलताच समज झाला. साहेब संध्याकाळी गच्चीत बसायचा, मला गुडघ्यावर ठोकायचा आणि कानाला लावायचा. आमची रीतच ती. लोखंडावर ठोकलं तर आम्ही बिघडतो. तिला वाटलं, साहेबाचे गुडघे दुखतात आणि हा चिमटा म्हणजे त्यांच्या देशचं औषध. दोन दिवसांनी साहेब कामावर गेल्यावर तिनं मला उचललं आणि स्वतःच्या गुडघ्यावर चांगलं ठोकलं. एकदा डाव्या, एकदा उजव्या. पुढं कित्येक महिने नवागामातल्या अर्ध्या बाया तिच्या सांगण्यावरून गुडघ्यांवर चिमटे मारत होत्या, आणि गंमत म्हणजे रंजना नावाच्या शेजारणीला गुणही आला!

एकदा ताउनोनं तिला पकडलंच. रागावला नाही, पोट धरून हसला. मग मला ठोकून तिच्या कानाशी धरलं. भागीरथीचे डोळे मोठे झाले. त्या दिवसापासून तो गच्चीत गायला लागला की ती भाजी निवडत दाराशी बसायची. तो अर्थात स्वतःचीच चाल गायचा, पाण्याची. बाकीच्या तीन चाली सहा हजार किलोमीटरवर राहिलेल्या. तो थांबायचा, बोटं मोजायचा, मान डोलवायचा. त्याच्या कानात पक्षी बोलत असायचे. तिला काय माहीत! तिला वाटलं, गाणं एवढंच आहे. स्वयंपाक शिकणारी बाई जशी मीठ कधी टाकलं तेही लक्षात ठेवते, तसं तिनं गाणं थांबण्यासकट शिकून घेतलं. कुठं चार बोटं, कुठं सहा, कुठं आठ. शब्द तेवढे स्वतःचे घातले, अहिराणीतले. पानी जास, पानी येस. एवढेच.

ताउनोला मोडकं हिंदी यायचं. तो तळहात आडवा खाली धरायचा आणि म्हणायचा, "मैं पानी." मग बोटं वर उडवायचा. ती मान हलवायची. जाताना त्यानं मला तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "वहाँ चालीस लोग हैं, कोई भी सुर देगा. तुम अकेली."

असा मी नवागामात आलो. आता धुडकूचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. वीस वर्षं त्यानं रोज बारा बारा तास आठ मशीन सांभाळल्या. खात्यात बोलणं ऐकूच येत नाही; कारागीर हातवाऱ्यांनी आणि ओठ बघून बोलतात. पुढं घरीही तो ओठच बघायला लागला. दवाखान्यात तपासलं तेव्हा कळलं की वरचे आवाज सगळे गेले. चिमण्या, शिट्ट्या, लहान मुलं, बायकोचं बोलणं, काही नाही. खालचे तेवढे थोडे उरले, म्हणजे ट्रकची घरघर, ढोल. पुढं हेमराजनं कानाचं मशीन आणून दिलं, ते नुसतं कुईकुई करायचं, म्हणून डबीत जाऊन पडलं.

एका संध्याकाळी भागीरथी कणीक मळता मळता पाण्याचं गाणं साहेबासारख्याच खालच्या सुरात गुणगुणत होती. धुडकू पाठमोरा बसला होता. तो एकदम वळला आणि म्हणाला, "काय गाई ऱ्हायनी तू?" तिच्या हातातली कणीक तशीच राहिली. वर्षभरात ती त्याला पहिल्यांदा ऐकू आली होती. ती रडली, आणि रडू आवरून परत गायली.

तेव्हापासून दिवेलागणीला मला गुडघ्यावर ठोकायचं, सूर घ्यायचा आणि धुडकूसाठी ते गाणं म्हणायचं, हा त्या घरातला नेम झाला. ती थांबायची तिथं तो बोटं मोजायचा. हेमराजचं लग्न झालं, कविता झाली, कविता कॉलेजात गेली, तरी नेम चुकला नाही. दुसऱ्या बायकांना नवरा साड्या आणतो, दागिने आणतो. हिला हा नवरा कानाला हात लावून ऐकत बसायचा, आणि ती त्यावर खूष होती.

पण गल्लीत तिच्या गाण्याचं फार हसं व्हायचं. श्रावणात कानबाईची, म्हणजे खानदेशातल्या देवीची, गाणी बसवायला बाया शेजारच्या सुवर्णाच्या घरी जमतात. सुवर्णा त्यांची पुढारी, गळा गोड आणि जीभ तिखट. कधीतरी भागीरथीमायनं ते गाणं म्हटलं की सुवर्णा म्हणायची, पाण्यात म्हैस बसल्यासारखं वाटतं. आणि मध्येच थांबते काय, विसरते काय? भागीरथीमाय ठासून सांगायची की साहेब तिथं थांबायचा, साहेब म्हणायचा मी पाणी. त्यावर तर जास्तच हशा व्हायचा.

गेल्या वर्षी कवितानं मनावर घेतलं. ही मुलगी आजीशी मराठीत, मैत्रिणींशी गुजरातीत आणि मोबाइलशी इंग्रजीत बोलते. तिनं माझ्या दांडीवरच्या अक्षरांचा फोटो काढला, शोधाशोध केली, गानमंडळ सापडलं, आणि तिनं पत्र लिहिलं. आठवड्यात उत्तर आलं. ताउनो सहा वर्षांपूर्वी गेला होता. त्याची मुलगी त्याच मंडळात गाते, तिनं लांबलचक पत्र लिहिलं होतं आणि सोबत तळ्याचं गाणं पाठवलं होतं. ताउनो असतानाचं. मी खुंटीवर लटकून हे ऐकलं आणि मनातल्या मनात एकदा वाजलो.

कविता कुठली सबंध पत्र वाचतेय! गाणं मिळालं तशी ती आजीला घेऊन थेट सुवर्णाच्या घरी, भरल्या बायांत. भागीरथीमायनं मला पदराच्या गाठीत बांधून नेलं होतं. आज सगळ्यांची तोंडं बंद होणार म्हणून तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

मोबाइल वाजला. पक्षी आले. काय गोड आले! पण पाणी कुठंच नव्हतं. मला कारण माहीत होतं हो. मोबाइलच्या त्या इवल्याशा तोंडातून खर्जाचा सूर बाहेरच पडत नाही, वरचं तेवढं येतं. पण मी सांगणार कसा? भागीरथीमायनं मोबाइल कानाला लावला, परत लावला, उलटा करून लावला.

"यामा मन्हं गानं कथं शे?" तिनं विचारलं.

मग सुवर्णा, त्यातल्या त्यात मऊपणानं, म्हणाली की मावशी, तुम्ही दुसरंच काही ऐकलं असेल. रंजनाला राहवलं नाही, तीच ती गुडघेवाली. म्हणाली, साहेबानं फसवलं बाईला. हशाच पिकला. हसण्यात दुष्टावा नव्हता, पण सत्तावीस वर्षांचं हसणं त्यात येऊन मिळालं होतं.

घरी येऊन भागीरथीमायनं मला फडक्यात गुंडाळलं आणि बाजरीच्या डब्यात खोल खुपसलं. त्या संध्याकाळी ती गायली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

डब्यात आवाज बऱ्यापैकी पोचतो. धुडकू दिवेलागणीला खाटेवर येऊन बसायचा ते मला कळायचं. ती पोळ्या लाटायची आणि ओठांतल्या ओठांत सुवर्णाला, रंजनाला, साहेबाला, सगळ्यांना शिव्या घालायची. आणि इथंच घोटाळा झाला. जन्मभर ओठ वाचलेला माणूस तो. बाजूनं तिचे ओठ हलताना दिसले, वेळ नेमाची, त्याला वाटलं ती गातेय. गातेय आणि आपल्याला ऐकू येत नाही. उरलासुरला कानही गेला.

त्यानं कुणाला काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी घरात कुणी नसताना शोधत शोधत डबा उघडला, मला बाहेर काढलं आणि ठोकलं. पण त्यानं मला कधी हातात धरलेलं नव्हतं. ते काम भागीरथीचं. त्यानं मला दोन्ही पायांना मुठीत आवळलं आणि दांडी गुडघ्यावर मारली. पाय आवळल्यावर मी कसा वाजणार? त्यानं मला कानाला लावलं. पुन्हा मारलं, पुन्हा लावलं. अहो, मी जिवाच्या आकांतानं थरथरायला बघत होतो, पण मूठ खात्यातल्या कारागिराची! शेवटी त्यानं मला फळीवर ठेवलं आणि डोळे पुसले. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

त्या रात्री जेवताना त्यानं सांगून टाकलं. "कानबाई उठनी का मी गावले जासू. चिंधाकडे ऱ्हासू." चिंधा त्याचा धाकटा भाऊ, गावी शेती बघतो. हेमराज हातवारे करून करून थकला. धुडकूचं एकच, की सुरतेच्या रस्त्यावर ठार बहिऱ्यानं काय करायचं. भागीरथीमायला वाटलं, आपली फजिती याच्याही कानावर गेली आणि याला आपली लाज वाटते. तिनं ताटं गोळा केली आणि मोरीकडे गेली. दोघंही मोठे मानी. मधल्या मध्ये माझं मात्र डोकं फुटायची वेळ आली.

कानबाईचा रविवार उजाडला. गल्लीत मंडप, रोटाच्या नैवेद्यासाठी गहू दळून आणलेले, दारोदार रांगोळ्या. महेश साउंडवाल्यानं माणसाच्या उंचीचे दोन भोंगे आमच्या दारासमोरच उभे केले. धुडकूची पिशवी भरून उंबऱ्याशी ठेवली होती, सोमवारी विसर्जन झालं की तो निघणार होता. आजोबा जाणार म्हणून कविता रडवेली होऊन मोबाइल चाळत बसली होती. चाळता चाळता ती ताउनोच्या मुलीचं पत्र परत वाचायला लागली. आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की कृपा करून हे मोबाइलवर ऐकू नका, मोठ्या स्पीकरवर ऐका, माझ्या वडिलांचा आवाज मोबाइलमध्ये येत नाही.

कविता उठली ती पळतच महेशकडे गेली. त्यानं वायर जोडून दिली.

आधी जमीन हलल्यासारखं वाटलं. फळीवरची भांडी कुरकुरली. आणि मग पाणी आलं. सात-आठ पुरुषांचं, ताउनोचं, संथ, खालून चालत आलेलं पाणी. त्यांच्या वर हाका मारणारे लोक आले, त्यांनी बरोबर माझा सूर लावला आणि फळीवर पडल्या पडल्या, कुणी न ठोकता, मी वाजायला लागलो.

ओट्यावर बसलेल्या धुडकूनं मान वर केली. इकडं तिकडं बघितलं. उठला, भोंग्यापाशी गेला आणि त्याच्यावर दोन्ही तळहात ठेवले. मग वळून त्यानं बायकोला शोधलं. ती दारात उभी होती, पिठाचे हात तसेच.

"तू तं आठे शे," तो म्हणाला. "मंग तठे कोन गाई ऱ्हायनं?"

गल्लीत सगळे थबकले. त्याचा आवाज ठार बहिऱ्याचा असतो तसा मोठा होता, सुवर्णापर्यंत गेला.

"इतला लोके तुन्हं गानं म्हनी ऱ्हायनात? माले आयकू येस. आयकू येस माले!"

तेवढ्यात पाणी थांबलं. जिथं भागीरथीमाय थांबायची, अगदी तिथंच. आणि त्या मोकळ्या जागेत पक्षी उतरले, दहा-बारा बारीक गळे, एकामागून एक. सगळी गल्ली वर बघायला लागली. सुवर्णाचा हात तोंडावर गेला. सत्तावीस वर्षं ती ज्या थांबण्याला हसत होती, त्यात हे होतं.

धुडकूला पक्षी ऐकू येत नव्हते. त्याच्यापुरती सगळी गल्ली चिडीचूप होती. पण तो घाबरला नाही. त्यानं हात वर केला आणि नेहमीसारखी बोटं मोजायला लागला. एक, दोन, तीन. सगळे लोक पक्ष्यांचं ऐकत होते आणि तो त्याच्या बायकोचं थांबणं ऐकत होता. आठव्या बोटाला त्यानं हात खाली आणला, आणि त्याच क्षणी भोंग्यातून पाणी परत आलं. आणि दारातून भागीरथीमायचंही आलं. पानी जास, पानी येस. चाळीस जणांत एक्केचाळिसावी, पिठाच्या हातांनी, डोळ्यांतलं न पुसता.

गाणं संपल्यावर ती आत आली, फळीवरून मला उचललं, फडक्यानं पुसलं आणि धुडकूला दाखवलं की चिमटा असा धरायचा, दांडीला. तो तिच्या ओठांकडे बघत होता आणि लहान मुलासारखी मान हलवत होता. पिशवी कवितानंच रिकामी केली.

आता मी दारामागच्या खिळ्यावर असतो. वय झालं माझं. अंगावर दोन ठिकाणी गंज आहे, भागीरथीमाय राखेनं घासते तेवढी चमक. रोज संध्याकाळी ती मला ठोकते आणि गाते, आणि आता ती थांबली की शेजारून सुवर्णा पक्षी म्हणते. तिनं कविताकडून ऐकून ऐकून उचललेत. थोडे बेसूर असतात, माझ्यापासून ते लपत नाही, पण मी बोलत नाही. धुडकूला ते ऐकूच येत नाहीत. तो मात्र त्या वेळी सुवर्णाच्या भिंतीकडे बघून मान डोलवतो, कारण तिथं काहीतरी चाललंय हे त्याला आता माहीत झालंय.

कधी कधी मला ते लाकडी सभागृह आठवतं आणि खिडकीतलं तळं. या वेळी तिथं बर्फ असेल. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझा एखादा भाऊ कधी हातात आला तर त्याला दांडीला धरा, पायांना आवळू नका. आणि जाऊ द्या आता मला, बाहेर अंधारून आलंय, कढईखालचा गॅस बंद झाला, धुडकू खाटेवर येऊन बसलाय, आणि ती हात पुसत माझ्याकडेच येतेय.